जबड्यासकट दात म्हणजे अस्सल?

‘सुटा दात नकली असू शकतो, दगडात जबड्यासकट रुतलेला मात्र खराच,’ असा सल्ला जीवाश्म जमवणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतो. ऐकायला पटतो. बाजारात बहुधा उलट असतं.

मोरोक्कोतल्या खुरीबगाच्या फॉस्फेट खाणींतून मोसासॉरचे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचे दात निघतात. (हा डायनोसॉर नव्हे, घोरपड-सापांच्या गोतातला समुद्री सरपटणारा प्राणी.) त्याचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. म्हणून सुटे दात मुबलक, स्वस्त. त्यांची नक्कल करून फारसं काही हाती लागत नाही. सलग जबडा दुर्मीळ आणि महाग. मग खरेच दात, हाडांचे तुकडे, वाळू आणि गोंद यांतून ‘जबडा’ घडवला जातो.

तपासायचं असेल तर आधी भिंग घ्या. दाताच्या बुडाशी वाळूत बुडबुडे दिसले तर तिथे गोंद आहे. अंधारात अतिनील टॉर्च मारली की गोंद बऱ्याचदा वेगळा चमकतो. मुळाकडेही बघा: मोसासॉरचा दात जाडजूड, हाडासारख्या मुळावर बसलेला असतो. मूळच नाही आणि दात थेट वाळूत खोचलेला असेल, तर जबडा बनवलेला आहे. दात खरा असेलही, पण मग किंमत सुट्या दाताचीच द्यावी.