स्लॅबही सेट, बहारही सेट

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. (पुढे ‘रन’नं त्याला मागं टाकलं.) ठेवणं, मांडणं इथून सुरुवात, मग हाड बसवणं, सूर्य मावळणं, जेली थिजणं. वरुड-मोर्शीकडं, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या संत्रापट्ट्यात, यातले दोन अर्थ जरा जास्तच कानावर पडतात. मिस्त्री म्हणतो, “स्लॅब सेट होऊ द्या.” बागवाला विचारतो, “आंबियाची सेटिंग कशी हाये भाऊ?” (आंबिया म्हणजे संत्र्याचा जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार.)

स्लॅब वाळून घट्ट होतो, असं बहुतेकांना वाटतं. होतं ते वेगळंच. सिमेंटमधली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी संयोग पावतात, त्यातून नवं संयुग तयार होतं आणि तेच वाळू-गिट्टीला धरून ठेवतं. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. पाण्यात बुडालेलं काँक्रीटसुद्धा घट्ट होतं ते याचमुळं. सिमेंट फार लवकर आवळू नये म्हणून कारखान्यातच सिमेंटमध्ये जिप्सम दळतात. भारतीय मानकानुसार साधं सिमेंट पहिल्या ३० मिनिटांत आवळायला लागता कामा नये, आणि ६०० मिनिटांत पूर्ण सेट झालंच पाहिजे. तपासणी अगदी साधी: एक मिलिमीटर जाडीची सुई ओल्या सिमेंटात सोडायची आणि ती किती खोल जाते ते पाहायचं.

सेट झालं म्हणजे ताकद आली, असं मात्र नाही. ताकद २८ दिवसांनी मोजतात. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात वरचं पाणी उडून गेलं, तर क्रिया अर्धवट राहते आणि भेगा पडतात. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवतात ते यासाठी. घरमालक इथंच कंटाळा करतात.

संत्र्याचं सेट होणं म्हणजे फूल झडून मागची बारीक गाठ झाडावर टिकणं. बहुतेक फुलं गळतात. तेवढी फळं पोसायला साखर झाडाकडं नसतेच. वाढत्या फळातून ऑक्झिनसारखी संप्रेरकं देठाकडं येत राहिली, तर ते टिकतं. पाण्याची ओढ बसली, उन्हाच्या झळा लागल्या की हा पुरवठा मंदावतो आणि देठाजवळचा पेशींचा एक पातळ थर सुटा होतो. लिंबूवर्गीय झाडांत असे थर दोन असतात. खाली पडलेलं फळ उचलून पाहा. सुरुवातीची गळ देठासकट होते. फळ मोठं झाल्यावर गळलं, तर हिरवी टोपी देठासह फांदीवरच राहते.