देशी तेल, देशी रिफायनरी, तरी पेट्रोल स्वस्त का नाही?

‘आपल्याच जमिनीत तेल निघाले, आपलीच रिफायनरी झाली, की पेट्रोल निम्म्या दरात मिळेल’, हे वाक्य धुळे-जळगावच्या पंपांवर वर्षानुवर्षे ऐकू येते. ते चुकीचे आहे. राजस्थानातील पचपदरा प्रकल्पच पाहा. बाडमेरमध्ये तेल सापडलेले असूनही या रिफायनरीच्या वार्षिक 90 लाख टन क्षमतेपैकी 75 लाख टन कच्चे तेल आयातच करावे, असे नियोजन आहे, आणि स्थानिक तेलाचा दरही जागतिक बाजाराशी बांधलेला असतो. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: गावात जिनिंग निघाली, म्हणून कापसाचा भाव गावात ठरत नाही, ट्रॉली वजनकाट्यावर उभी असतानाही व्यापारी बाहेरच्या बाजारातील दर विचारूनच भाव बोलतो.

रिफायनरी सगळी सरकारी पैशातूनच उभी राहते, हा भांडवलाबाबतचा गैरसमज मला अधिक घातक वाटतो. हा पैसा केवळ सरकारी तिजोरीतून येत नाही. पचपदऱ्यात हिंदुस्तान पेट्रोलियमचा 74 टक्के आणि राजस्थान सरकारचा 26 टक्के हिस्सा असला, तरी खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्जाचा आहे. मूळ अंदाज 43,129 कोटी रुपयांचा होता, तो 2023 मध्ये 72,937 कोटींवर गेला. कर्जावरील व्याज आणि हप्ते रिफायनरीला कच्चे तेल व तयार इंधन यांच्या दरांतील फरकातूनच फेडावे लागतात.