फ्लो कॉम्प्युटरचा डेटा कारखान्यात घेण्यासाठीचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि परत येण्याची कारणे

नैसर्गिक वायू वापरणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या आवारात मीटरिंग स्किड (वायू मोजणाऱ्या उपकरणांचा एका चौकटीवरचा संच) असते, परंतु त्यावरचा फ्लो कॉम्प्युटर (मीटरचे वाचन, दाब आणि तापमान यांवरून वापराचा हिशेब करणारे उपकरण) बहुतेक करारांनुसार गॅस कंपनीच्या मालकीचा आणि तिच्या सीलखाली असतो. त्यामुळे दाब, तापमान, प्रवाह आणि एकूण वापर आपल्या नियंत्रण कक्षात दिसावा असे कारखान्याला वाटले, तरी पेटी उघडून दोन तारा जोडता येत नाहीत. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर होणे विरळा. अर्ज परत येण्याची कारणे मात्र तीच ती असतात.

गॅस विक्री करार चालू असलेला आणि थकबाकी नसलेला ग्राहक अर्ज करू शकतो; अर्जावर करारातील अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचीच सही लागते. खरी पात्रता वेगळीच असते, ती म्हणजे फ्लो कॉम्प्युटरवर मोकळा पोर्ट किंवा मोकळे आउटपुट शिल्लक असणे. एक सिरीयल पोर्ट गॅस क्रोमॅटोग्राफला (वायूतील घटक तपासणारे यंत्र) आणि दुसरा कंपनीच्या स्काडा (दुरून देखरेख करणारी प्रणाली) मोडेमला गेलेला असतो, आणि आरएस-485 जोडणीवरील मॉडबस आरटीयू या संवादपद्धतीत एका तारेवर एकच मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारे एकच उपकरण, चालते, म्हणून ‘कंपनीच्याच तारेतून आम्हीही वाचू’ ही विनंती फेटाळली जाणे योग्यच आहे. अर्जापूर्वी कंपनीच्या मीटरिंग विभागाकडून मोकळ्या पोर्टांची लेखी खातरजमा करून घ्यावी.

सर्वाधिक अर्ज अडतात ते धोकादायक क्षेत्राच्या कागदांवर. स्किडभोवतीचा भाग झोन 1 किंवा झोन 2 मध्ये (स्फोटक वायू साचू शकतो अशा क्षेत्रांचे वर्ग) येतो, म्हणून तिथे बसणाऱ्या प्रत्येक बॅरियर (तारेतून जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणारे उपकरण), जंक्शन बॉक्स आणि केबल ग्लँडसाठी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे मान्यतापत्र मागितले जाते. परदेशी उत्पादकाचे एटेक्स (स्फोटक क्षेत्रांसाठीचे युरोपीय) प्रमाणपत्र जोडून अर्जदार निर्धास्त होतात, पण ते पेसोच्या मान्यतापत्राची जागा घेत नाही. त्याहून दुर्मीळ कागद म्हणजे इंट्रिन्सिक सेफ्टीचा (ठिणगीने स्फोट होणार नाही इतकी कमी ऊर्जा ठेवण्याच्या पद्धतीचा) लूप, म्हणजे एका सिग्नलच्या सर्किटचा, हिशेब. बॅरियरकडून येऊ शकणारा कमाल व्होल्टेज व करंट उपकरणाच्या अनुज्ञेय मर्यादेत आहे, आणि उपकरणाची कपॅसिटन्स व इंडक्टन्स केबलच्या लांबीमुळे येणाऱ्या कपॅसिटन्स व इंडक्टन्ससह धरूनही बॅरियरच्या मर्यादेखाली राहते, हे प्रत्येक लूपसाठी स्वतंत्र दाखवावे लागते. बॅरियर विकणारा हा हिशेब देत नाही, कारण केबलची लांबी त्याला ठाऊक नसते; कंत्राटदार देत नाही, कारण कार्यादेशात तो लिहिलेला नसतो. खेदाची बाब अशी की, परत येणाऱ्या पत्रातही ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच असते आणि कोणता कागद कमी आहे हे शोधण्यात पुढचे आठवडे जातात. कार्यादेश काढतानाच हा हिशेब त्यात नमूद करून घेतल्यास ही अडचण टळते.

कॅलिब्रेशन प्रमाणपत्रांबाबतचा गैरसमज तारखेचा आहे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर पुढील कॅलिब्रेशनची तारीख छापलेली नसेल तर ते सदोष आहे, असे अर्जदार समजतात आणि काही छाननी करणारेही समजतात. आयएसओ/आयईसी 17025 मानकानुसार ग्राहकाने मागितल्याशिवाय प्रयोगशाळा ती तारीख देत नाही. दोन कॅलिब्रेशनमधला कालावधी करारातील मोजमापाच्या परिशिष्टात असतो. त्या कलमाचा क्रमांक अर्जात लिहावा, म्हणजे वाद राहत नाही.

आता इनपुट-आउटपुट यादी. आपल्याला फक्त आउटपुट हवे आहे, इनपुटला हात लावला जाणार नाही, असे वाक्य अर्जात स्पष्ट लिहावे, कारण बिलाचे मोजमाप इनपुटवर चालते आणि मीटरिंग विभागाची निम्मी भीती याच वाक्याने जाते. 4-20 मिलिअँपिअरचे आउटपुट ॲक्टिव्ह (लूपला स्वतः वीज देणारे) आहे की पॅसिव्ह (बाहेरून वीज लागणारे), हे रकान्यात नसेल तर यादी हमखास परत येते. दोन्ही बाजूंनी 24 व्होल्ट दिले गेले तर कार्ड जळू शकते, आणि कोणीच दिले नाहीत तर लूपमध्ये करंटच येत नाही. पल्स आउटपुटसाठी एका पल्सला किती घनमीटर, तेही स्टँडर्ड स्थितीतले की प्रत्यक्ष दाबातले, हे लिहावे. भारतात स्टँडर्ड घनमीटर 15 अंश सेल्सिअस आणि 1.01325 बार या स्थितीत धरला जातो.

संवादाच्या बाजूला बॉड रेट, पॅरिटी आणि स्लेव्ह क्रमांक सगळेच लिहितात, गोंधळ रजिस्टरच्या नकाशात (कोणते मूल्य कोणत्या पत्त्यावर आहे याच्या यादीत) होतो. पत्ता 40001 पासून मोजला आहे की शून्यापासून, आणि 32 बिटांच्या संख्येत आधी वरचा शब्द येतो की खालचा, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. वापराची एकूण बेरीज फ्लोट (दशांश संख्येच्या) स्वरूपात घेऊ नये. 32 बिटांच्या फ्लोटमध्ये 1,67,77,216 च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका बसत नाही, आणि रोज दहा हजार घनमीटर वापरणारा कारखाना साडेचार वर्षांत तिथे पोहोचतो. बेरीज पूर्णांक स्वरूपात मागावी. परवानगी वाचण्यापुरतीच मिळते, म्हणजे मॉडबसचे वाचनाचे आदेश, फंक्शन कोड 03 आणि 04. लिहिण्याचे कोड मागणारा अर्ज वाचलाही जात नाही, आणि त्यात कंपनीची चूक नाही.

मंजुरीनंतर येणारी ‘तुमचे आकडे जुळत नाहीत’ ही तक्रार बहुधा वेळेची असते. गॅसचा दिवस सकाळी 6 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6 असा मोजला जातो, तर कारखान्याची प्रणाली मध्यरात्रीपासून बेरीज करते. स्वतःचा चेक (पडताळणीचा) मीटर आणि त्याचा फ्लो कॉम्प्युटर लावणाऱ्यांनी वातावरणाचा दाबही तपासावा. दाबाचा ट्रान्समीटर गेज प्रकारचा, म्हणजे वातावरणाच्या वरचाच दाब मोजणारा, असेल तर स्थानिक वातावरणाचा दाब हाताने भरावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात तो साधारण 0.948 बार असतो. तिथे 1.01325 तसाच ठेवला, तर 4 बार गेज दाबावर वापर सुमारे 1.3 टक्के जास्त दिसतो, आणि तो फरक घेऊन बिलावर हरकत नोंदवणाऱ्याला तोंडघशी पडावे लागते.

शेवटची पायरी संयुक्त तपासणीची. 4, 8, 12, 16 आणि 20 मिलिअँपिअरवर दोन्हीकडचे वाचन जुळवतात. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर संपूर्ण कॉन्फिगरेशनचा अहवाल छापून घ्यावा, इव्हेंट लॉगमध्ये बदललेल्या प्रत्येक बाबीची जुनी व नवी किंमत पाहावी, आणि नव्या सीलचे क्रमांक अहवालात लिहिले जाईपर्यंत सही करू नये.