नाच कुणाचा, चौकट कुणाची

ऑनलाइन नृत्यपट म्हटलं की टाळेबंदीचं २०२० हे वर्ष आठवतं. नाट्यगृहांना कुलपं लागली आणि कोरिओग्राफर मंडळी स्वयंपाकघरातून, जिन्यातून, गच्चीवरून पडद्यावर आली. त्यांत स्त्रिया ठळकपणे दिसल्या, याचंही कौतुक झालं. पण नाचणाऱ्या बाईचं आणि कॅमेऱ्याचं नातं जुनं आहे, आणि ते सांगायचं तर सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता एका खटल्यापासून करावी लागते.

साल १८९२. लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी ढगळ रेशमी झगा घालून, हातातल्या काठ्यांनी त्याचे घोळ उडवत, त्यांवर रंगीत दिव्यांचे झोत घेत नाचायची. तिच्या या 'सर्पिल नृत्या'ची हुबेहूब नक्कल दुसरी एक नर्तकी करू लागली, तेव्हा फुलर न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. कोर्टाचं म्हणणं असं पडलं की या नाचात ना गोष्ट आहे, ना पात्रं, ना भावनांचं नाट्य. नुसत्या डौलदार हालचाली म्हणजे नाट्यकृती नव्हे, म्हणून स्वामित्वहक्क नाही. पुढे फुलरने झग्याच्या रचनेचं आणि रंगमंचावरच्या आरशांच्या मांडणीचं पेटंट मात्र मिळवलं. कापडावर आणि काचेवर तिचा हक्क कायद्याला मान्य होता, नाचावर नव्हता.

दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत ॲनाबेल व्हिटफर्ड या तरुण मुलीने कॅमेऱ्यासमोर तोच नाच केला. त्या फितीच्या प्रती एकेक चौकट हाताने रंगवून विकल्या गेल्या. पाठोपाठ ल्युमिएर बंधूंनीही आपलं सर्पिल नृत्य चित्रित केलं. सिनेमा पाळण्यात असतानाचं हे त्याचं सर्वांत लाडकं दृश्य. गंमत अशी की फुलरच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या फितींत नाचतंय कोणी दुसरंच. खुद्द फुलरचा तो नाच दाखवणारी एकही खात्रीची फीत आज उपलब्ध नाही. नाच तिचा, नाव कधी तिचं कधी दुसरीचं, कॅमेरा पुरुषांचा. पुढची सव्वाशे वर्षं या तिन्हींची जुळणी पुन्हा पुन्हा बदलत राहिली.

कायद्याचं आधी उरकून टाकू. अमेरिकेत नृत्यरचनेची पहिली नोंद झाली ती १९५२ मध्ये, हान्या होल्म या नृत्यदिग्दर्शिकेच्या नावावर. 'किस मी, केट' या संगीत नाटकातले तिचे नाच लाबानच्या नृत्यलिपीत उतरवून घेतले आणि ते कागद दाखल केले. कागदावर उतरला, तेव्हा नाच 'कृती' ठरला. नृत्यरचना हा स्वतंत्र प्रकार म्हणून अमेरिकन कायद्यात आला तो १९७६ मध्ये. त्यानंतर चित्रफीतही पुरावा म्हणून चालू लागली, म्हणजे कॅमेऱ्याला साक्षीदाराचा दर्जा मिळाला.

पण त्याआधीच एका बाईने कॅमेऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून थेट नाचायला लावलं होतं. माया डेरेन. जन्म कीव्हचा, वाढ अमेरिकेतली. कॅथरीन डनहॅम या थोर कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शिकेची ती सेक्रेटरी म्हणून मंडळाबरोबर फिरली होती. डनहॅम स्वतः १९३० च्या दशकात कॅरिबियन बेटांवरचे नाच कॅमेऱ्यात टिपून आली होती, हे इथे विसरून चालणार नाही. डेरेनने १९४५ मध्ये डनहॅमच्याच मंडळातल्या टॅली बीटी या नर्तकाला घेऊन जेमतेम तीन मिनिटांचा मूकपट केला, 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा'.

तो जरूर पाहावा, तीन मिनिटांत कळतं. कॅमेरा जंगलात सावकाश गोल फिरतो आणि बीटी त्याला वाटेत पुन्हा पुन्हा भेटतो, एका झाडापाशी, मग पुढच्या झाडापाशी. तो पाय उचलतो जंगलात आणि टेकवतो एका घराच्या दिवाणखान्यात. तिथून एका संग्रहालयाच्या दालनात. शेवटची उडी तर कित्येक तुकडे जोडून इतकी लांबवलेली आहे की माणूस हवेत तरंगत राहतो आणि मग परत उघड्यावर येऊन टेकतो. अशी उडी कुठल्याही रंगमंचावर शक्य नाही. म्हणजे रचना जितकी बीटीच्या शरीरात आहे, तितकीच संकलनाच्या टेबलावर आहे. नाच आणि नाचाचं चित्रीकरण या दोन गोष्टी वेगळ्या, हे इतक्या कमी फुटेजमध्ये क्वचितच कुणी सिद्ध केलं असेल. शिवाय श्रेयनामावलीत डेरेनने स्वतःबरोबर बीटीचंही नाव दिलं, ही तेव्हाच्या रिवाजात साधी गोष्ट नव्हती.

डेरेनने आणखी एक केलं, ज्याकडे कलेच्या चर्चेत दुर्लक्ष होतं. चित्रपटगृहं आपले लघुपट दाखवणार नाहीत हे ओळखून तिने १९४६ मध्ये न्यूयॉर्कचं प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस स्वतः भाड्याने घेतलं आणि खेळ लावले. पुढे महाविद्यालयांना ती प्रती भाड्याने पाठवायची आणि सोबत व्याख्यानं द्यायची. निर्मिती, वितरण, प्रचार सगळं एकहाती. आज एखादी कोरिओग्राफर स्वतःचं चॅनेल चालवते, त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही.

तिच्या वाटेने बऱ्याच जणी आल्या. शर्ली क्लार्क मूळची नर्तकी. 'डान्स इन द सन' या १९५३ च्या लघुपटात तिने रंगमंच आणि समुद्रकिनारा यांच्यात असे काप मारले की नर्तकाची उडी एका ठिकाणी सुरू होते आणि दुसऱ्या ठिकाणी संपते. पुढे ती स्वतंत्र अमेरिकन सिनेमातलं मोठं नाव झाली. सुझन ब्राऊन या बाईंनी १९५६ मध्ये नृत्यपटांसाठी एक संघटना उभी केली आणि त्या संघटनेने १९७१ पासून न्यूयॉर्कमध्ये नृत्यपटांचा महोत्सव भरवायला घेतला.

मला स्वतःला या सगळ्यांत इव्हॉन रेनर या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेचा 'हँड मूव्ही' सर्वांत जवळचा वाटतो. १९६६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर रेनर रुग्णालयात पडून होती. नाचता येत नव्हतं, हात हलवता येत होता. मग एका सहकाऱ्याने आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने तिचा तेवढा एक हातच टिपला. बोटं वाकतात, एकमेकांवर चढतात, तळवा उलगडतो. पाच-सहा मिनिटं, बस्स. २०२० मध्ये घरात अडकलेल्या कित्येकींनी जे केलं, त्याचा नमुना इथे आधीच तयार होता: जागा नाही, मंडळी नाहीत, तर जे हलतंय त्याची रचना करा.

ट्रिशा ब्राऊन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेच्या १९७८ मधल्या 'वॉटर मोटर'ची गोष्ट थोडी वेगळी. हा नाच इतका वेगवान आणि निसरडा आहे की डोळ्याला पकडता येत नाही. बाबेट मांगोल्ट या छायाचित्रकार बाईने तो आधी नेहमीच्या वेगात दाखवला आणि मग पुन्हा संथ गतीत. आधी फक्त झुळूक जाणवते, नंतर तिच्यातलं पाणी दिसतं. कॅमेरामागची बाई आणि समोरची बाई एकमेकींचं काम जाणत असल्या की काय घडतं, ते इथे कळतं.

उलट बाजूही पाहायला हवी. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये भरतनाट्यम नर्तकी बालासरस्वतींवर 'बाला' हा माहितीपट केला. त्यात त्या 'कृष्णा नी बेगने बारो' हे पद चक्क समुद्रकिनाऱ्यावर करतात. मागे लाटा, वाऱ्यावर उडणारा पदर. राय यांच्याबद्दल आदर असूनही मला हे दृश्य खटकतं. ज्या अभिनयासाठी बालासरस्वतींची ख्याती, तो चेहऱ्यावर आणि बोटांत घडतो, आणि इथे त्याला वाऱ्याशी झुंजावं लागतं. चौकट कुणी ठरवली, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

'व्हर्च्युअल' म्हणतो तो प्रकारही इंटरनेटपेक्षा थोरला आहे. शेरी रॅबिनोविट्झ आणि किट गॅलोवे या जोडीने १९७७ मध्ये नासाचा उपग्रह वापरून मेरीलँडमधले आणि कॅलिफोर्नियातले नर्तक एकाच पडद्यावर आणले. हजारो मैलांवरची शरीरं एकमेकांना वळसे घालत होती, आणि उपग्रहामुळे होणारा विलंब सांभाळत नाच चालला होता. पुढे १९९४ मध्ये ॲमस्टरडॅमला सुझन कोझेल ही नर्तकी पॉल सर्मन यांच्या एका मांडणीत चार आठवडे सहभागी झाली. एका खोलीतल्या पलंगावर ती, दुसऱ्या खोलीतल्या पलंगावर तिची प्रतिमा, आणि शेजारी येऊन पडणारे अनोळखी प्रेक्षक. हळुवार स्पर्शाने आपण मोहरलो, असं तिने लिहून ठेवलं आहे. कुणी प्रतिमेच्या पोटात कोपर मारलं तेव्हा ती कळवळून वाकली, जरी दुखलं काहीच नव्हतं. पडद्यावरच्या बाईशी परके लोक कसे वागतात, याचा अनुभव समाजमाध्यमं यायच्या आधीच येऊन गेला होता.

यूट्यूब २००५ मध्ये आलं आणि फुलरचं भांडण नव्याने उभं राहिलं. बेल्जियमच्या ॲन तेरेसा द केर्समाकर या नृत्यदिग्दर्शिकेचं 'रोसास डान्स्ट रोसास' १९८३ चं: चौघीजणी, खुर्च्या, आणि दमेपर्यंत चालणारे तेच तेच झटके. त्यावर टिएरी द मे यांनी १९९७ मध्ये चित्रपटही केला. २०११ मध्ये बियॉन्सेच्या 'काउंटडाउन' गाण्याच्या चित्रफितीत त्या हालचाली ओळखू येतील इतक्या सारख्या दिसल्या, तेव्हा केर्समाकरने जाहीरपणे हरकत घेतली. बियॉन्सेने प्रेरणा मान्य केली. मग २०१३ मध्ये केर्समाकरने अनपेक्षित चाल केली: खुर्चीवरचा भाग टप्प्याटप्प्याने शिकवणारे व्हिडिओ संकेतस्थळावर टाकले आणि सांगितलं, शिका, तुमच्या पद्धतीने करा आणि पाठवा. शाळांतून, कचेऱ्यांतून, परसातून लोकांनी पाठवले. नक्कल थांबवता येत नसेल तर तिची पाटी आपल्याच दारावर लावावी, हा हिशेब मला हुशारीचा वाटतो.

ज्यांच्यामागे नृत्यमंडळ नाही त्यांना ही सोय नसते. २०१९ मध्ये अटलांटाजवळच्या जलाया हार्मन या चौदा वर्षांच्या मुलीने 'रेनेगेड' नावाचा नाच रचून पोस्ट केला. तो टिकटॉकवर जगभर गेला, तिच्या नावाशिवाय. फेब्रुवारी २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी मूळ रचनाकार शोधून काढली, आणि बास्केटबॉलच्या ऑल-स्टार सामन्यावेळी शिकागोत तिला तो नाच करायला मिळाला.

पुढच्याच महिन्यात सगळी नाट्यगृहं बंद झाली.

त्या काळातलं बरंचसं ऑनलाइन नृत्य कंटाळवाणं होतं, हे मान्य करून टाकावं. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून केलेली जुनी चित्रणं, ज्यांत नर्तक मुंगीएवढे. थेट झूमवर नाचायचं तर अडचण दुसरी: प्रत्येकाकडे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र समेवर येणं अशक्य. काहींनी वेगवेगळं चित्रण करून नंतर जोडलं. काहींना खुला आसमंत मिळाला. नृत्यदिग्दर्शिका जर्मेन अकोन्यी यांच्या सेनेगलमधल्या नृत्यशाळेत पिना बाउश या जर्मन नृत्यदिग्दर्शिकेच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ची तालीम चालू होती, चौदा आफ्रिकी देशांतले नर्तक होते आणि दौरा रद्द झाला. पांगण्याआधी त्यांनी तिथल्याच तुबाब दियालाव गावच्या किनाऱ्यावर, मावळतीला, वाळूत तो एकदा पूर्ण केला. चित्रण जुलैमध्ये ऑनलाइन आलं. 'बाला'सारखा किनारा इथेही होता, पण पायांखालची ती ओली वाळू या नाचाला मानवली, कारण मूळ प्रयोगातही रंगमंचावर माती पसरलेली असते.

ट्रिशा ब्राऊन २०१७ मध्ये गेल्या होत्या. त्यांच्या 'रूफ पीस'मध्ये १९७१ साली न्यूयॉर्कच्या छपराछपरांवर लाल कपड्यांतले नर्तक उभे होते. एकाने हालचाल करायची, पलीकडच्या छपरावरच्याने ती पाहून उचलायची, पुढच्याकडे द्यायची. वाटेत ती थोडी थोडी बदलत जाई. २०२० च्या वसंतात त्यांच्या मंडळातल्या नर्तकांनी तोच खेळ आपापल्या खोल्यांतून झूमवर केला. इथे एकत्र समेवर यायचंच नव्हतं, म्हणून उशीर आड आला नाही. १९७१ मध्ये कुठल्याही एका छपरावरून साखळीचा थोडासाच भाग दिसायचा. आता सगळे लाल कपडे एकाच वेळी, चौकोनाला चौकोन लागून दिसत होते.