खुलासा: पश्चात्ताप करणारा व्हॅम्पायर हल्लीचा नाही

ठाण्यातल्या वाचकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो: ‘जुना व्हॅम्पायर निव्वळ राक्षस, मन असलेला हल्लीच्या कॉमिक्सनी आणला.’ असं वाटणं साहजिक आहे, कारण आपली पहिली गाठ सिनेमातल्या सुळ्यांशी पडते.

पण ‘व्हार्नी द व्हॅम्पायर’ ही सचित्र कथा लंडनमध्ये १८४५ ते १८४७ दरम्यान पेनीला एक भाग अशी निघत होती. (फार पाल्हाळिक आहे, हे खरं.) व्हार्नी रक्त पितो, स्वतःला कंटाळतो आणि शेवटी व्हेसुवियस ज्वालामुखीत उडी घेतो. त्याला धड माफ करवत नाही, धड झिडकारवत नाही. ओढ लागते ती त्यामुळेच. कॉमिक्सनी ही घालमेल फक्त जवळून रेखाटली.

पडताळायचं असेल तर पुस्तक स्वामित्वहक्कमुक्त आहे, नेटवर फुकट मिळतं. थेट शेवटचं प्रकरण उघडा.