मिल

मिल हे मूळचे इंग्रजी नाम. मराठीत ते स्त्रीलिंगी झाले: ती मिल, मिलचा भोंगा, आजोबा मिलीत होते. मूळ अर्थ दळण्याचे यंत्र आणि ते चालते ती जागा. तिथून निघून कापडाचा कारखाना, उसाचा चरक, लाकूड कापण्याची जागा, लोखंड लाटण्याचे यंत्र, कैद्यांची शिक्षा आणि गणकयंत्राचा एक भाग इतका लांबचा प्रवास या शब्दाने केला आहे. सोलापुरात मात्र मागेपुढे काही न जोडता कोणी नुसते ‘मिल’ म्हणाले, तर त्याचा अर्थ एकच: सुताची आणि कापडाची गिरणी.

लॅटिनमध्ये मोलेरे म्हणजे दळणे आणि मोला म्हणजे जात्याचा दगड. त्यावरून पुढे मोलिना, जुन्या इंग्रजीत मिलेन आणि शेवटी मिल. दाढेला इंग्रजीत मोलर म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द. दाढ म्हणजे तोंडातले जातेच.

कापडाच्या गिरणीत काही दळले जात नाही. कापूस पिंजतात, सूत काततात, माग चालतात. मग तिला मिल का म्हणायचे? याचे उत्तर यंत्राच्या कामात नाही, ते यंत्र फिरवणाऱ्या शक्तीत आहे. युरोपात धान्य दळायला नदीकाठी पाणचक्क्या असत. पुढे त्याच पाण्याच्या चाकावर दुसरी कामे होऊ लागली, तेव्हा लोकांनी जुनेच नाव पुढे चालवले. इंग्लंडमधल्या डर्बी गावी १७२१ च्या सुमारास रेशमाचा धागा तयार करणारा पाण्यावरचा कारखाना उभा राहिला, तो सिल्क मिल. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्याच्या जोरावर सूतकताई सुरू केली, ती कॉटन मिल. पाण्याची जागा वाफेने घेतली, वाफेची विजेने, तरी नाव तेच राहिले. मराठीने याच वाटेने जाऊन ‘गिरणी’ हा एकच शब्द पिठालाही वापरला आणि कापडालाही. आपल्याकडे हा दुहेरी अर्थ इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वेगळे आहे हे लक्षातही येत नाही.

सोलापूरच्या गिरण्या पहिल्यापासून वाफेच्या, म्हणून इथल्या मिलची खूण पाण्याचे चाक नसून उंच चिमणी होती. १८६० मध्ये रेल्वे आली, भोवती कापसाचा मुलूख होता, तेलुगू भाषक पद्मशाली विणकर पेठांमधून आधीच हातमाग चालवत होते आणि १८७६ च्या दुष्काळाने खेड्यांतून माणसे कामाच्या शोधात शहराकडे लोटली होती. अशा वेळी १८७७ मध्ये मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या आल्या, तशी ही पहिली गिरणी ‘जुनी मिल’ झाली. कंपनीचे कागदोपत्री नाव लोकांच्या तोंडी कधी रुळलेच नाही. नरसिंग गिरजीची एन. जी. मिल झाली, लक्ष्मी आणि विष्णू एकत्र येऊन लक्ष्मी-विष्णू झाल्या.

शहराचा दिवस भोंग्यावर चाले. ‘पहिला भोंगा झाला का?’ या प्रश्नाला घड्याळ लागत नसे. पाळी, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी येणारा), जॉबर (कामगार नेमणारा मुकादम), खाते (गिरणीतला विभाग) हे शब्द मराठी, कानडी आणि तेलुगू घरांत सारख्याच सहजपणे बोलले जात. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली, तेव्हा गिरण्यांतले कामगार काम टाकून रस्त्यावर आले. त्या आंदोलनानंतर शहरावर मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लादला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासकांना सोलापूर माहीत असते ते जुन्या मिलमुळे, आणि ही गोष्ट सोलापुरातच फार थोड्यांना ठाऊक असते याची खंत वाटते. १९४९ मध्ये व्यवस्थापनाने मिल बंद केली आणि हजारो कामगार घरी बसले. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास या एका कंपनीसाठी अध्यादेश काढून कारभार आपल्या हाती घेतला. पाठोपाठ त्याचा कायदा झाला. एकाच कंपनीसाठी वेगळा कायदा करणे समानतेच्या हक्कात बसते का, असा प्रश्न चिरंजितलाल चौधुरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने याचिका फेटाळली: कायदा वैध आहे असे धरून चालायचे आणि तो भेदभाव करतो हे आक्षेप घेणाऱ्याने सिद्ध करायचे. हे तत्त्व आजही कायद्याच्या वर्गात शिकवले जाते. तीन वर्षांनी द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तोच कायदा रद्द ठरवला. कंपनीचा ताबा घेणे म्हणजे भरपाई न देता मालमत्ता हिरावणेच, असा तो निकाल होता. अशा निकालांमुळे १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती करावी लागली.

कापडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांचे काम मोठ्या प्रमाणात यंत्रमागांकडे गेले. पण यंत्रमागाच्या शेडला सोलापुरात मिल म्हणत नाहीत, तो ‘कारखाना’ आणि त्याचा मालक ‘कारखानदार’. चिमणी, भोंगा आणि तीन पाळ्या असल्याशिवाय मिल हे नाव द्यायला इथले लोक तयार नसतात. जुनी मिल हे आता ठिकाणाचे नाव आहे आणि रिक्षावाल्याला तेवढे सांगितले की पुरते.

साखरेचेही असेच. इंग्रजीत शुगर मिल, मराठीत साखर कारखाना. पण कारखान्याच्या आत गेलात की मिल सापडते: ऊस ज्या लोखंडी रुळांत चिरडला जातो, त्या रुळांच्या संचाला तिथे मिल म्हणतात. असे चार-पाच संच ओळीने असतात आणि एकातून निघालेला चोथा पुढच्यात जातो. सोलापूर जिल्ह्यात गाळप हंगामात हे रूळ अहोरात्र फिरतात. बार्शीकडे गेले की मिल म्हणजे डाळ मिल. तिथेही जयशंकर मिलसारखी कापडाची गिरणी होती, पण तुरीची डाळ करणाऱ्या मिलनी गावाचे नाव दूरवर नेले आहे. तेलाची ऑइल मिल आली तरी ‘घाणा’ हा शब्द मागे हटला नाही आणि लाकडाच्या सॉ मिलला अनेक जण अजून वखारच म्हणतात.

शब्दाचा मूळ अर्थ जिवंत आहे तो गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत. कानडीतही तिला गिरणीच म्हणतात. संध्याकाळी डब्यांची रांग लागते. बायका आधी कशाचे दळण झाले ते पाहतात आणि सांगतात, ‘दादा, ज्वारीवर ज्वारी टाका की, हरभऱ्यावर नको.’ आधीच्या धान्याचे पीठ दगडात अडकलेले असते आणि ते पहिल्या ओंजळीत उतरते, हे त्यांना पक्के माहीत असते. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करावे लागते. टाकी नुकती लावलेली असेल तर पहिल्या पिठात कच येते, म्हणून गिरणीवाला आधी थोडे हलके धान्य काढून घेतो. पीठ जास्त गरम झाले तर भाकरी थापताना तुटते. शनिवारच्या गर्दीत एका बाईने डब्यात हात घालून पीठ चिमटीत चोळले आणि ‘अजून बारीक’ म्हणून दळण परत टाकायला लावले. मालदांडी ज्वारीच्या कडक भाकरीसाठी एवढी बारकाई लागतेच.

बाकीचे अर्थ थोडक्यात. रोलिंग मिलमध्ये तापलेले पोलाद लाटून सळ्या करतात. जालन्याला त्या पुष्कळ आहेत. आयटीआयच्या मुलांना मिलिंग यंत्र ओळखीचे असते: लेथवर वस्तू फिरते, मिलिंगमध्ये पाते फिरते. आज व्यायामशाळेत दिसणारी ट्रेडमिल एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगात कैद्यांकडून चाक तुडवून घेण्याची शिक्षा होती. त्या चाकावर धान्य दळले जाई किंवा पाणी उपसले जाई. अमेरिकेत मालमत्ता कराच्या हिशेबात डॉलरच्या हजाराव्या भागाला मिल म्हणतात, पण तो ‘हजार’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला वेगळा शब्द. आगरकरांच्या विचारांवर ज्याचा प्रभाव होता तो मिल म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३). हे आडनाव मुळात गिरणीजवळ राहणाऱ्यांचे. आपल्या नवकंकरीसारख्या खेळात तीन सोंगट्या एका रेषेत आल्या की इंग्रजीत त्यालाही मिल म्हणतात.

सोलापूरकरांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा अर्थ इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजचा आहे. १८३० च्या दशकात त्याने आखलेल्या गणकयंत्राचे दोन भाग होते: आकडे साठवण्याचे ‘स्टोअर’ आणि आकडेमोड करणारी ‘मिल’. दोन्ही शब्द कापडधंद्यातले. यंत्राला आज्ञा देण्याची युक्तीही त्याने जॅकार्ड मागावरून घेतली. या मागात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकामागून एक पुढे सरकतात. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो आणि नक्षी विणली जाते. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच जॅकार्ड पद्धतीने उमटते. चादर उलटी करून पाहिली तर वर ज्या रंगाचे फूल आहे, ते पाठीमागे नेमके उलट्या रंगात दिसते.