नागपूरची मासळी : बर्फ, पारा आणि नाग नदी

जून 2018 मध्ये केरळच्या अन्न सुरक्षा विभागाने तमिळनाडूकडून येणारे मासळीचे ट्रक सीमेवरच अडवायला सुरुवात केली. ‘सागर राणी’ नावाच्या त्या मोहिमेत फॉर्मलिन, म्हणजे मासा सडू न देणारं रसायन, लावलेली हजारो किलो मासळी पकडली गेली. पुढच्याच महिन्यात गोव्यात तोच वाद पेटला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर तिथल्या सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली. तेव्हापासून नागपुरातही मच्छी घेताना लोक विचारतात, “दवाई मारलेली तर नाही ना, भाऊ?” विचारणं रास्तच आहे. पण फॉर्मलिन हा या गोष्टीचा शेवटचा टप्पा आहे. आधीचे टप्पे कळल्याशिवाय समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात मासळीचा धोका येतो कुठून, हे नीट कळत नाही.

नागपूरची मूळची मच्छी समुद्राची नव्हतीच. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून हजारो तलाव बांधले. ते पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात गेले आणि आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात. या तलावांत आणि वैनगंगा, कन्हान, बावनथडीच्या पाण्यात ढिवर आणि केवट मासेमारी करत. मरळ, शिंगूर, दाडक, वांबट, पोष्टी ही बाजारातली ओळखीची नावं. सकाळी धरलेली मच्छी दुपारपर्यंत शिजायची. समुद्राचं म्हणून जे काही यायचं ते सुकं असायचं : सुकट आणि बोंबील. मासा टिकवायची गरज मिठाने आणि उन्हाने भागत होती.

हे चित्र तीन गोष्टींनी बदललं. पहिली रेल्वे. 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्व किनाराही जोडला गेला आणि लांबची ताजी मासळी येणं निदान शक्य झालं. दुसरी, मालगुजारीचा शेवट. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. तिथे झालेल्या कायद्याने 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची देखभाल हळूहळू कोणाचीच जबाबदारी राहिली नाही. गाळ साचत गेला, देशी मासे कमी होत गेले.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन रोहू-कतल्याच्या कुळातल्या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तोवर रोहू-कतल्याचं बीज नदीतून गोळा करावं लागे, आता ते हॅचरीत तयार होऊ लागलं. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात मत्स्यतळी इतकी वाढली की 2006 मध्ये सरोवरातली बेकायदा तळी फोडण्याची मोहीम सरकारला काढावी लागली. तिथला रोहू-कतला ट्रकांनी देशभर जाऊ लागला. नागपूरच्या मंगळवारी बाजारात ‘आंध्राचा माल’ हा शब्द रुळला तो असा. सोबत मुंबई आणि गुजरातेकडून बांगडा, पापलेट, सुरमई, झिंगे येऊ लागले. मासळी स्वस्त झाली, वर्षभर मिळू लागली, आणि ज्यांच्या घरी ती सणासुदीलाच शिजायची त्यांच्याकडे आठवड्याला शिजू लागली. ही चांगलीच गोष्ट आहे, ते आधी म्हटलं पाहिजे. मासा हे उत्तम प्रथिन आहे आणि या लेखाचा रोख मासे सोडा असा मुळीच नाही.

पण माल सहाशे-सातशे किलोमीटरवरून आणायचा तर वाटेत बर्फ लागतो. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, आणि त्या उन्हात थर्मोकोलच्या खोक्यातला बर्फ किती टिकतो हे बाजारात पहाटे उभं राहिलं की दिसतं. झाकण उघडलं की वरच्या थरातले मासे कडक आणि थंड असतात. खालचे मात्र गुलाबी पाण्यात भिजलेले, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो. कल्ला उघडून दाखवायला सांगा, वरच्या माशाचा लालभडक असतो, खालच्याचा तपकिरी. तो ढिला माल आधी संपवायचा म्हणून भाव पडतो आणि पैशाने बेताचं गिऱ्हाईक नेमकं तोच घेतं.

या पाण्यात काय घडतं? बांगडा, कुपा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. बर्फ कमी पडला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग जेवल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. माणसाला वाटतं आपल्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे आणि तो बांगडा कायमचा सोडतो. खरं तर दोष बर्फाचा असतो. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून जात नाही. मासा चांगला खरपूस तळला की सगळं मरतं, हा आपल्याकडचा समज इथे खोटा ठरतो.

बर्फाचीही एक गोष्ट आहे. खाण्याचा बर्फ आणि कारखान्याचा बर्फ दिसायला सारखाच. म्हणून 2018 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याचा बर्फ निळसर रंगवायचा आदेश काढला. सरबताच्या गाडीवर त्याची थोडी चर्चा झाली. मासळीच्या खोक्यातला बर्फ मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे आला नाही. तोच बर्फ वितळून माशाच्या कल्ल्यात आणि पोटात उतरतो.

फॉर्मलिन आलं ते या बर्फाची उणीव भरून काढायला. फॉर्मल्डिहाइड वायूचं हे पाण्यातलं द्रावण वैद्यकीय महाविद्यालयांत मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात. त्याने प्रथिनं घट्ट होतात, सडणं थांबतं आणि मासा ताठ दिसत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याचा मुख्य पुरावा श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या वायूचा होता. म्हणजे ते द्रावण हाताळणारा हमाल खाणाऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच धोक्यात असतो. यात एक गुंताही आहे. काही समुद्री माशांत फॉर्मल्डिहाइड आपोआप थोडं तयार होतं, त्यामुळे नुसतं सापडलं म्हणून भेसळ ठरत नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये माशांच्या गटांनुसार किलोमागे 4 आणि 100 मिलिग्रॅम अशा मर्यादा ठरवल्या त्या याच कारणाने. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तर काही मिनिटांत निकाल देणारी कागदी पट्टी त्याआधीच तयार केली होती. ती पट्टी प्रत्येक मोठ्या मच्छी बाजारात असायला हवी होती.

ती का नाही, याचं उत्तर 1997 मध्ये सापडतं. त्या वर्षी युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मत्स्योत्पादनांची आयात थांबवली. परकीय चलनाचा प्रश्न होता. मग निर्यातीचे कारखाने सुधारले, पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ, तापमानाच्या नोंदी, टप्प्याटप्प्यावर धोका तपासण्याची पद्धत, सगळं आलं. पुढे कोळंबीत बंदी असलेली प्रतिजैविकं सापडली तेव्हाही तपासणी कडक झाली ती परदेशी जाणाऱ्या मालाची. देशातल्या बाजारासाठी कायदा आहे, मर्यादा आहेत, पण तशी खेपेगणिक तपासणी नाही. मला याचा राग येतो. मत्स्यसुरक्षेची सगळी विद्या या देशात आहे, ती बंदरापाशीच थांबली, आणि मधल्या शहरांकडे निघालेल्या ट्रकात फक्त मासा चढला.

आता पारा. 1 मे 1956 रोजी जपानच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाने एका अनोळखी मेंदूविकाराची नोंद सरकारदरबारी केली. त्याआधी गावातली मांजरं झटके येऊन मरत होती. कंपनीच्या सांडपाण्यातला मिथाइल पारा खाडीतल्या माशांत साठत होता आणि मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांची हातापायांची शुद्ध, बोलणं, दृष्टी जात होती. आईला फारसं काही न होता पोटातलं बाळ बाधित जन्मलं, अशीही उदाहरणं होती. जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते 1968 मध्ये. इतर जड धातू काही प्रमाणात माशाच्या यकृतात आणि कल्ल्यात राहतात, ते भाग काढून टाकता येतात. मिथाइल पारा मात्र थेट मांसाच्या प्रथिनांना चिकटतो. लहान माशांना खाऊन मोठ्या झालेल्या माशांत तो जास्त असतो. म्हणून गरोदर बाईने मोरी (शार्क), मोठी सुरमई टाळावी आणि लहान मासे खावेत, हा सल्ला जगभर दिला जातो.

मिनामाताचा नागपूरशी संबंध कोळशातून येतो. दगडी कोळशात पाऱ्याचा अंश असतो, आणि आपल्या उशाला कोराडी, खापरखेडा ही औष्णिक केंद्रं आहेत. कोराडीचा पहिला संच 1974 चा. औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यावर देशात पहिल्यांदा मर्यादा घातली गेली ती डिसेंबर 2015 मध्ये. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारावर भारताने अंतिम मोहोर उठवली 2018 मध्ये. मधली चाळीसेक वर्षं चिमणी चालूच होती. जुलै 2022 च्या पावसात औष्णिक केंद्राच्या खसाळ्यातल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख कोलार-कन्हानच्या पाण्यात गेली. कन्हानचं पाणी नागपूरकर पितात, त्यामुळे तेव्हा पिण्याच्या पाण्याची बातमी झाली. त्याच नदीतल्या मासळीची झाली नाही.

आणि शेवटी आपली नाग नदी. लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघून शहरभराचं सांडपाणी घेत ती पिवळी नदीसह कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचा जलाशय. या धरणाचा पाया 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते घातला गेला. जलाशयात जसजसं पाणी साठत गेलं तसतसं नागपूरचं सांडपाणी पुढे वाहून न जाता तिथेच थांबू लागलं. भांडेवाडीला शुद्धीकरण प्रकल्प उभे राहिले, शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या केंद्राला जाऊ लागलं, तरी बरंच सांडपाणी आजही नदीतच येतं. कुही, भिवापूर, पवनीकडचे ढिवर त्या पाण्यात छातीपर्यंत उतरून जाळी लावतात. जलपर्णीत अडकलेली जाळी सोडवताना हातापायाला खाज सुटते, पुरळ येतं, ही त्यांची जुनी तक्रार आहे. व्यापारी मासेमारीचा आरोग्याला धोका म्हटलं की आपण गिऱ्हाइकाचा विचार करतो. इथे पहिला आजारी पडणारा माणूस मासा धरणारा आहे, आणि त्याला आजारी पाडणारं पाणी आपल्या घरातून गेलेलं आहे.

बाजारात धाड पडते तेव्हा सापडते ती टोपली घेऊन बसलेली बाई. ट्रक कुठून निघाला, बर्फ कुठल्या पाण्याचा, मासा कुठल्या नदीतला, यातलं काहीच तिच्या हातात नसतं. नाग नदीच्या सुमारे दोन हजार कोटींच्या योजनेला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. त्यात मलवाहिन्या आणि शुद्धीकरण प्रकल्प आहेत. त्याच योजनेत आंभोऱ्यापासून पवनीपर्यंतच्या मासळीची दर हंगामात धातूंसाठी आणि जिवाणूंसाठी तपासणी धरली जावी, आणि निकाल मासेमारांच्या सहकारी संस्थांना व मंगळवारीच्या ठेल्यांना मराठीत कळवले जावेत. पाणी आणि पर्यावरणावरची मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा, नीरी, याच शहरात आहे.